दूरस्थ धम्मवर्गाचे ध्वनिमुद्रण : टॅबवर आवाज का उमटत नाही?

कोविड महामारीमुळे २०२० च्या मार्च महिन्यात विहारांचे दरवाजे बंद झाले आणि रविवारचे धम्मवर्ग पडद्यावर भरू लागले. पुढे महामारी ओसरली, विहार पुन्हा गजबजले. परंतु दूरस्थ वर्ग बंद पडले नाहीत. नोकरीनिमित्त परप्रांतात वा परदेशात गेलेली मुले, प्रवास न झेपणारे वयोवृद्ध उपासक, लहान लेकरांमुळे घर न सोडता येणाऱ्या उपासिका, या सर्वांना एकत्र बसविणारी दुसरी सोय नाही. साहजिकच, या वर्गांचे मुद्रण करून ठेवावे असा विचार ठिकठिकाणी पुढे येतो. अनेक विहारांत संगणक नसतो. असतो तो दानातून मिळालेला एखादा टॅब. या टॅबवर स्क्रीन रेकॉर्डिंगची सोय असते. कळ दाबली की पडद्यावर जे दिसते ते सारे टिपले जाते, असा आपला समज होतो. वर्ग संपल्यावर फीत लावून पाहावी, तो चित्र आहे, ओठ हलत आहेत, आणि आवाज मात्र नाही. आमच्याकडे या विषयावर जेवढ्या पृच्छा आल्या त्यांतील बहुतेक याच एका अनुभवाच्या होत्या. यास्तव, हे का घडते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा अनुभव आमचाही आहे. १९५६ साली नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेच्या वेळी बारा-तेरा वर्षांच्या असलेल्या एका उपासिकेला आम्ही आमच्या वर्गात आठवणी सांगण्याची विनंती केली होती. त्या आपल्या गावी, नातवाच्या भ्रमणध्वनीसमोर बसल्या होत्या आणि आम्ही संस्थेच्या टॅबसमोर. सुमारे सव्वा तास त्या बोलल्या. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘आजी, दीक्षेहून परत आल्यावर घरच्या देव्हाऱ्याचे काय केले?’ या प्रश्नावर आजी क्षणभर थांबल्या आणि मग आपल्या आईविषयी बोलू लागल्या. वडिलांनी देव नदीत नेऊन सोडले, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. परंतु आईने त्या रात्री काय केले, रिकाम्या कोनाड्याकडे ती किती दिवस पाहत राहिली, पुढे त्या कोनाड्यात बाबासाहेबांची तसबीर कशी आली, हे त्या वीस मिनिटे सांगत होत्या. टॅबवरील लाल खूण अखेरपर्यंत तेवत होती. फाइल तयार झाली, तिची लांबीही बरोबर दिसत होती. आम्ही ती त्याच रात्री उघडून पाहिली नाही. उघडली ती चार दिवसांनी, आणि ती मूक होती.

आता कारणाकडे वळू. टॅबमधून बाहेर पडणारा आवाज आपल्या कानाला एकच वाटतो, परंतु यंत्राच्या दृष्टीने तो एकजातीचा नसतो. गाणे, चित्रपट वा खेळ यांचा आवाज एका वर्गात मोडतो. दोन माणसांमधील प्रत्यक्ष संभाषणाचा आवाज दुसऱ्या वर्गात. ॲण्ड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे २०१९ साली, एका ॲपमध्ये वाजणारा आवाज दुसऱ्या ॲपला टिपता यावा अशी सोय करण्यात आली. परंतु ती पहिल्या वर्गापुरतीच. संभाषणाचा आवाज त्यातून कटाक्षाने वगळला गेला. पुढल्या वर्षी अकराव्या आवृत्तीबरोबर स्क्रीन रेकॉर्डिंगची सोय यंत्रातच अंतर्भूत झाली. पण नियम तोच राहिला. म्हणून याच टॅबवर चित्रफीत लावून तिचे मुद्रण केले तर आवाज स्वच्छ उमटतो, आणि सभेचे मुद्रण केले तर उमटत नाही. अनेकांची दिशाभूल होते ती येथेच. आदल्या दिवशी ते एखादे गाणे लावून चाचणी घेतात, ती यशस्वी होते, आणि सभेच्या दिवशी घात होतो.

मग मायक्रोफोन सुरू ठेवला तर? स्क्रीन रेकॉर्डिंग करताना मायक्रोफोनचा पर्याय दिलेला असतो खरा. परंतु सभेचे ॲप मायक्रोफोन वापरत असताना यंत्र तो दुसऱ्या ॲपच्या हाती सहसा देत नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, यंत्र दुसऱ्या ॲपला नकार कळवीत नाही, तर त्याला नुसती शांतता पुरविते. मुद्रण करणारे ॲप ती शांतता इमानेइतबारे टिपत बसते. त्यामुळे चूक झाल्याची सूचना कोठेच मिळत नाही. आयपॅडवर स्क्रीन रेकॉर्डिंगची सोय २०१७ पासून आहे. तेथील अंतर्गत रचना निराळी आहे. परंतु सभेच्या बाबतीत फळ बहुधा हेच मिळते. काही कंपन्यांच्या टॅबवर, काही ॲपच्या बाबतीत, आवाज उमटल्याचेही ऐकिवात येते. ॲपची नवी आवृत्ती आली की तो नाहीसा होतो. अशा योगायोगावर एखाद्या वयोवृद्धाची साक्ष सोपवू नये.

हा नियम जाचक वाटला तरी तो मुळात चुकीचा आहे असे आम्हांस वाटत नाही. दोन व्यक्तींचे बोलणे तिसऱ्या कोणत्याही ॲपला गुपचूप टिपता आले असते तर काय झाले असते याची कल्पना करावी. पंचशीलातील दुसरे शील न दिलेली वस्तू न घेण्याविषयी आहे. माणसाचा आवाज ही त्याची वस्तूच होय, आणि ती त्याने दिल्यावाचून घेता येत नाही. तात्पर्य, यंत्राचा नियम चुकविण्याची युक्ती शोधण्यापेक्षा सर्वांच्या संमतीने, उघडपणे मुद्रण करण्याचे मार्ग पाहावेत. ते आहेत, आणि फारसे खर्चिकही नाहीत.

पहिला मार्ग म्हणजे सभेच्या ॲपकडूनच मुद्रण करवून घेणे. संभाषणाचा आवाज या ॲपजवळ असतोच, त्याला तो कोणाकडून मागावा लागत नाही. झूमच्या विनामूल्य खात्यावरही हे मुद्रण करता येते. परंतु ते संगणकावर. टॅब वा भ्रमणध्वनीवरून झूमचे मुद्रण त्याच उपकरणात साठविण्याची सोय नाही. टॅबवरून करावयाचे झाल्यास ते कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाऊडवर साठवावे लागते आणि त्यासाठी वर्गणी भरलेले खाते लागते. विनामूल्य खात्यावरची सभा चाळीस मिनिटांनी संपते, ही अडचण तर सर्वांच्या परिचयाची आहे. गूगल मीटमध्येही मुद्रणाची सोय सशुल्क योजनांतच मिळते आणि फीत आयोजकाच्या ड्राइव्हमध्ये जाते. म्हणून ज्या विहाराकडे टॅबच आहे त्याने एवढे करावे : वर्गातील ज्या कोणाच्या घरी संगणक असेल त्याला मुद्रणाची परवानगी आयोजकाने द्यावी आणि त्याच्या संगणकावर मुद्रण करावे. टॅब सभेपुरता वापरावा. संगणकावरील झूममध्ये प्रत्येक सहभागी व्यक्तीचा आवाज वेगवेगळ्या फाइलमध्ये साठविण्याचाही पर्याय आहे. तो आधी सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागतो. आठवणींच्या मुद्रणासाठी तो फार मोलाचा आहे, कारण श्रोत्यांपैकी कोणाच्या घरचा कुकर शिटी देऊ लागला तरी वक्त्याचा आवाज त्यातून बाजूला काढता येतो. सभा संपल्यावर संगणक ही फीत वापरण्याजोग्या रूपात आणण्यास काही वेळ घेतो. तेवढ्यात तो बंद करू नये.

दुसरा मार्ग अगदी साधा आहे आणि कोणत्याही विहारास परवडण्याजोगा आहे. टॅबवर सभा चालू द्यावी, त्याचा स्पीकर मोकळा ठेवावा, म्हणजे कानाला श्रवणयंत्रे अर्थात हेडफोन लावू नयेत, आणि स्पीकरपासून वीतभर अंतरावर दुसरा भ्रमणध्वनी ठेवून त्यातील आवाज टिपणारे साधे ॲप सुरू करावे. हे दुसरे उपकरण सभेत सामील नसते, म्हणून त्याच्या मायक्रोफोनवर कोणाचाही हक्क नसतो. ते विमान-अवस्थेत, म्हणजे एअरप्लेन मोडवर ठेवावे. नाहीतर ऐन वेळी कोणाचा तरी फोन येतो आणि मुद्रण तेथेच तुटते. खोलीतील पंखा बंद करावा. आपल्या कानाला पंख्याची सवय झालेली असते, मायक्रोफोनला ती नसते. टॅब उघड्या लाकडी टेबलावर न ठेवता खाली सतरंजीची घडी घालावी, म्हणजे घुमणारा आवाज कमी होतो. चित्रही हवे असल्यास टॅबवर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवावे. मूक चित्र आणि वेगळा आवाज यांची जोडणी नंतर करता येते. ही जोडणी अचूक व्हावी म्हणून सभेच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवावी. टाळीचे चित्र आणि टाळीचा आवाज एकत्र आणले की पुढचे सारे आपोआप जुळते. चित्रपटनिर्मितीत लाकडी पाटी आपटण्याची जी पद्धत आहे तिचे प्रयोजन हेच होय.

तिसरा मार्ग आम्हांस सर्वांत उत्तम वाटतो. वरील दोन्ही मार्गांत वक्त्याचा आवाज जाळ्यातून, म्हणजे इंटरनेटवरून प्रवास करून आलेला असतो. गावाकडील जोडणी क्षीण असली की शब्द तुटतात, आणि ते मुद्रणातही तुटलेलेच राहतात. म्हणून वक्त्याच्या जवळच दुसरा भ्रमणध्वनी ठेवून तेथेच आवाज टिपावा आणि फाइल मागाहून मागवावी. सभा मध्येच खंडित झाली तरी हे मुद्रण अखंड चालू राहते. नातवंडांच्या मदतीने हे सहज होते. आयपॅडच्या सव्विसाव्या आवृत्तीत, २०२५ च्या सप्टेंबरपासून, याच तत्त्वावर एक सोय आली आहे : सभा चालू असताना आयपॅड वापरणाऱ्याचे स्वतःचे चित्र व स्वतःचा आवाज उत्तम प्रतीचा टिपला जातो. मात्र समोरच्यांचा आवाज त्यात येत नाही. म्हणजे वक्त्याकडे असा आयपॅड असेल तरच तिचा उपयोग. विहारातील आयपॅडवर ती वापरली तर प्रश्न विचारणारे तेवढे ऐकू येतील आणि उत्तर देणारे मूक राहतील.

साठवणीची चिंता अनेकांना असते, परंतु ती अवाजवी आहे. निव्वळ बोलण्याचे ध्वनिमुद्रण सेकंदाला ६४ किलोबिट या दराने केले तर तासाला सुमारे २९ मेगाबाइट जागा लागते. काहीही न गाळता, वेव्ह या प्रकारात, एकाच मायक्रोफोनचे मुद्रण केले तरी तासाला सुमारे ३२० मेगाबाइटच होतात. याउलट सेकंदाला अडीच मेगाबिट दराच्या चित्रफितीस तासाला १ गिगाबाइटहून अधिक जागा लागते. जागा आणि जोडणी दोन्ही अपुऱ्या असतील तर चित्राचा मोह सोडावा आणि आवाज सांभाळावा. बी.बी.सी.ने १९५५ साली घेतलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मुलाखत आजही ऐकता येते. ती ऐकताना त्यांचे थांबणे, एखाद्या शब्दावर जोर देणे, प्रश्नकर्त्याचा मुद्दा ठामपणे खोडून काढणे हे सारे कानावर येते. ते कोणत्याही छापील पाठात उतरू शकत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण ‘प्रबुद्ध भारत’च्या २७ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात छापले गेले. त्या छपाईचे ऋण फार मोठे आहे. तरीही ते भाषण वाचणारा प्रत्येकजण त्यातील आवाजाची कल्पनाच करीत असतो.

वंदनेच्या मुद्रणाविषयी येथे स्वतंत्रपणे सांगणे अगत्याचे आहे. त्रिसरण-पंचशील सामुदायिकरीत्या म्हणताना दूरस्थ सभेत जो गोंधळ उडतो त्याचा दोष उपासकांच्या माथी मारला जातो. वस्तुतः प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या विलंबाने पोहोचतो, त्यामुळे एकसुरात म्हणणे तेथे शक्यच नसते. शिवाय ॲप एका वेळी एकाच बोलणाऱ्यास प्राधान्य देते आणि लांबलचक एकसंथ स्वरास गोंगाट समजून दाबून टाकते. घंटेचा नाद तर पहिल्या ठोक्यानंतर बहुधा नाहीसाच होतो. उपाय असा की, भन्तेंचा वा एका उपासकाचाच मायक्रोफोन चालू ठेवावा आणि इतरांनी तो बंद ठेवून आपापल्या ठिकाणी म्हणावे. झूममध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठविण्याचा पर्याय आहे. वंदनेपुरता तो सुरू करावा आणि प्रवचन सुरू होताच बंद करावा, नाहीतर गल्लीतील साऱ्या रिक्षा प्रवचनात सामील होतात.

संमतीविषयी थोडेसे. झूमवर मुद्रण सुरू होताच सर्वांना तशी सूचना मिळते. दुसऱ्या भ्रमणध्वनीने मुद्रण करताना अशी सूचना कोणालाही मिळत नाही. म्हणून ती आपण द्यावयाची असते. आरंभी मुद्रणाचा हेतू सांगावा, फीत कोणाजवळ राहील ते सांगावे, आणि वक्त्याचा होकार त्याच्याच आवाजात फितीवर घ्यावा. जातीय अत्याचाराविषयी वा घरातील छळाविषयी बोलताना एखादी भगिनी ‘हे ठेवू नका’ म्हणाली तर त्याच क्षणी मुद्रण थांबवावे. नंतर कापून टाकू, असे म्हणू नये. आम्ही तसे एकदा म्हटले होते, आणि ती भगिनी पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

आरंभी सांगितलेल्या मूक फितीकडे आता परत येतो. आवाज नाही हे कळल्यावर आम्ही त्या दिवशी हजर असलेल्या सर्वांना विनंती केली की, आपापसांत न बोलता प्रत्येकाने जे आठवते ते लिहून काढावे. सहा जणांनी लिहून दिले. राजगृह येथील पहिल्या संगीतीची आठवण तेव्हा होणे स्वाभाविक होते. तेथे महाकाश्यपांनी उपालीला विनय विचारला आणि आनंदाला धम्म विचारला; पण केवळ ‘काय सांगितले’ एवढेच नव्हे, तर कोठे सांगितले आणि कोणाच्या निमित्ताने सांगितले, हेही विचारले. सुत्तांच्या प्रारंभी स्थळ आणि श्रोते येतात ते याच शिस्तीतून. चुल्लवग्गात त्या संगीतीनंतरचा पुराण थेरांचा प्रसंग आहे. संगायन झाल्यानंतर ते राजगृहास आले. थेरांनी चांगले संगायन केले आहे हे त्यांनी मान्य केले, परंतु आपण स्वतः भगवंतांच्या मुखातून जसे ऐकले तसेच आपण ध्यानी धरू, असे त्यांनी सांगितले. संघाने त्यांचे हे म्हणणे दडपून न टाकता नोंदवून ठेवले, ही बाब आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

आमच्या सहा टिपणांतही असेच झाले. आजी नागपूरला रेल्वेने गेल्या असे चौघांनी लिहिले, बैलगाडीने गेल्या असे दोघांनी. रिकाम्या कोनाड्याचा उल्लेख सर्वांनी केला होता. आईने त्या रात्री दिवा लावला की नाही, याविषयी मात्र एकवाक्यता नव्हती. ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता तिने लिहिले की, आई दिवा हातात घेऊन कोनाड्यापर्यंत गेली आणि तशीच परत फिरली. इतर कोणाच्याही टिपणात हे नाही. आम्ही सहा टिपणांचे एक टिपण केले नाही. सहाही तशीच ठेवली.

दीड महिन्याने आजींनी पुन्हा बोलण्याची तयारी दाखविली. या वेळी नातवाकडे दुसरा भ्रमणध्वनी ठेवला होता, आम्ही आदल्या दिवशी गाणे लावून नव्हे तर प्रत्यक्ष सभा भरवून पाच मिनिटांची चाचणी घेतली होती, आणि ती ऐकूनही पाहिली होती. मुद्रण उत्तम झाले. त्यातून बैलगाडीचा उलगडा झाला : गावापासून स्टेशनपर्यंत बैलगाडी, पुढे रेल्वे. परंतु देव्हाऱ्याचा प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा आजी म्हणाल्या की, ते मागच्या वेळी सांगितले आहे. नातवाने आग्रह केला, तेव्हा त्यांनी ‘देव नदीत सोडले’ एवढेच सांगितले. दिव्याविषयी आम्ही विचारले नाही. आधी आपणच उत्तर सुचवून मग ते वदवून घेणे उचित वाटले नाही.

संस्थेच्या संग्रहात आता या दोन्ही फिती ठेवल्या आहेत. प्रत्येक फितीच्या तीन प्रती असतात : एक संस्थेच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या घरी, आणि एक वक्त्याच्या कुटुंबाकडे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर गाव असते. वक्त्याचे नाव कुटुंबाची अनुमती असेल तरच. मुद्रण ज्या दिवशी झाले त्याच दिवशी, उपकरण बंद करण्यापूर्वी, आरंभ, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी फीत ऐकून तशी नोंद वहीत करण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. त्या वहीत पहिल्या फितीपुढे लिहिले आहे : चित्र आहे, आवाज नाही, सोबत सहा श्रोत्यांची टिपणे, परस्परांशी न जुळविलेली.